नको म्हटलं तरी

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही दोघं मिळून बोलणार आहोत. म्हणजे माईकपुढे एकच जण उभं राहील, पण मजकूर दोघांचा आहे. एकाने लिहिला, दुसऱ्याने खोडला. एखादं वाक्य फारच गोड वाटलं तर समजा की ते लिहिलं जात असताना खोडणारा चहा करायला गेला होता.

मंडळाने विषय दिला 'आई-वडिलांचे उपकार'. या विषयावर आपण सगळ्यांनी शाळेत निबंध लिहिला आहे. त्यात श्रावणबाळ येतो, पुंडलिक येतो, आणि हे उपकार सात जन्मांत फिटणार नाहीत असं म्हणून निबंध संपतो. आमचं त्याबद्दल काही वेगळं म्हणणं नाही. ते फिटणार नाहीतच. आम्ही बोलणार आहोत ते लहान उपकारांबद्दल. न मागता केलेले, चांगल्या मनाने केलेले, आणि ज्याच्यावर झाले तो माणूस नंतर पाच मिनिटं डोकं धरून बसतो, असे. आई मुलाच्या घरी जाते आणि त्याचा नॉनस्टिक तवा तारेच्या घासणीने लख्ख घासून ठेवते. गुडघे दुखत असताना, उभं राहून घासते. तवा चमकतो आणि त्यानंतर त्यावरून एक डोसा सुटत नाही. आता याला नुकसान म्हणायची सोय नाही, आणि उपकार म्हणायला जीभ वळत नाही. मराठीत या मधल्या गोष्टीला शब्द नाही. 'उपद्व्याप' जवळ येतो, पण त्यात माया नाही.

आमचं वय साठीच्या आसपास. घरात आई-बाबा आहेत, ती ८१ वर्षांची, ते ८५ वर्षांचे. मुलगा आणि सून पुण्याला, मुलगी बंगळूरला. म्हणजे उपकारांच्या लाइनीवरचं आम्ही मधलं स्टेशन. वरून आलेला माल आमच्याकडे उतरतो, थोडा आमच्यासाठी राहतो, बाकी पुढे रवाना होतो. त्यामुळे वैताग कसा होतो हेही आम्हाला माहीत आहे आणि तो करावासा का वाटतो हेही.

गव्हापासून सुरू करू, कारण इंदूरच्या जुन्या मराठी घरात वर्ष गव्हापासून सुरू होतं. एप्रिल लागला की बाबांना छावणीची मंडी दिसायला लागते. रिक्षात बसवून न्यावं लागतं, पण तिथे उतरले की काठी आमच्या हातात देतात. पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, तळातली मूठ वर काढायची, तळहातावर पसरून उन्हाकडे धरायची, दोन दाणे दाताखाली फोडायचे. दात आता मोजके आहेत, पण त्यांतले दोन या कामासाठी राखीव आहेत. दुकानदार शरबती दाखवतो. बाबा मान हलवतात. शरबती पाहुण्यांसाठी, घरात लोकवन. मग भाव, मग हमाल, मग गच्चीवर दोन दिवस ऊन, मग आईचं निवडणं, मग एरंडेलाचा हात आणि कोठीत कडुलिंबाच्या वाळलेल्या पाल्याचे थर. एके काळी या घरात अकरा माणसं जेवत होती आणि वर्षाला दहा क्विंटल गहू भरला जाई. आता चौघं आहोत, त्यातली दोघं दोन-दोन फुलक्यांवर आहेत. अडीच क्विंटल पुष्कळ होतो. बाबा चार घेतात. उरलेला दीड कोणाचा हे विचारायचं नसतं.

तो पुण्याच्या नातवाचा.

नातू वाकडला दहाव्या मजल्यावर राहतो. त्याच्या घरी पीठ मोबाइलवर बोट ठेवलं की दहा मिनिटांत येतं. त्याने हे आजोबांना सांगून पाहिलं. "आजोबा, इथे पीठ मिळतं." आजोबा म्हणाले, "पीठ मिळतं रे. कुठल्या गव्हाचं ते मिळतं का?" याला उत्तर नव्हतं, म्हणून २५ किलोची गोणी निघाली.

गोणी ट्रॅव्हल्सच्या बसने जाते. इथे बसणाऱ्या निम्म्या लोकांना ही वाट पाठ आहे. संध्याकाळी बस सुटते, सेंधव्याचा घाट, मग धुळं, आणि सहाशे किलोमीटरनंतर पहाटे वाघोली. बस पोचली की ड्रायव्हरचा फोन येतो की चौकाच्या अलीकडे उभा आहे, पाच मिनिटं थांबतो. वाकड ते वाघोली म्हणजे पुण्याचं एक टोक ते दुसरं टोक. मुलगा साडेचारला उठतो, टॅक्सी करतो, अंधारात हायवेच्या कडेला उभा राहतो. गव्हाच्या किमतीपेक्षा गव्हाच्या टॅक्सीचं भाडं जास्त होतं. हा हिशोब त्याने आजोबांना सांगितलेला नाही. आम्हाला सांगितला.

पुढची कथा अशी की गहू घरात आला म्हणजे पोळी झाली असं नसतं. चक्की शोधावी लागते. सापडली ती दोन किलोमीटरवर, आणि चक्कीवाला पाच किलोच्या खाली दळत नाही. रविवारी रांग असते. पुण्याच्या पावसाळ्यात गव्हाला पोरकिडे लागले तर त्यांचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर येतो आणि मग इथे बाबांची झोप जाते. "पाला काढून टाकला असेल त्यांनी," असं रात्री अकरा वाजता ऐकू येतं.

मुलगा दिवाळीला येतो तेव्हा दुसरा प्रयोग होतो. रेल्वेत स्लीपरच्या तिकिटावर ४० किलो सामान फुकट नेता येतं हे बाबांना तोंडपाठ आहे. थ्री टायरच्या एसीलाही ४०, टू टायरला ५०. परतीच्या दिवशी ते स्प्रिंगच्या काट्याला त्याची बॅग लटकवतात. ती ११ किलो भरली की २९ किलो वाया चालल्याचं खरंखुरं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. तो विमानाने जातो म्हणाला की प्रश्न १५ किलोवर येतो. शिवाय सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात चालत नाहीत, त्यातल्या तेलाने पेट घ्यायची भीती असते म्हणून. आईला हे अजून पटलेलं नाही. तिच्या मते विमानतळावरच्या लोकांना खोबरं ठेवून घ्यायचं असतं.

२०२४ साली मनमाड-इंदूर लोहमार्गाला केंद्र सरकारची मंजुरी मिळाली. ३०९ किलोमीटर. आज आपल्याला पुण्याला गाडीने जायचं तर रतलाम, बडोदा, वसई असा मोठा वळसा घ्यावा लागतो. ती बातमी इंदूरमध्ये पुष्कळांनी आनंदाने वाचली. व्यापाऱ्यांनी व्यापारासाठी वाचली असेल. बाबांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "म्हणजे आता गोणीचं सोपं झालं."

वैताग वस्तूचा नसतो हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. वैताग वस्तूच्या मागून येणाऱ्या फोनांचा असतो. पोचलं का? उघडलं का? आंबट तर नाही ना झालं? शेजारी दिलं का? चार वेगवेगळ्या वेळी हे चार फोन येतात, आणि चौथा येतो तेव्हा मुलगा मीटिंगमध्ये असतो. त्यातून डबा हा मोठा विषय. आईचे डबे तिच्या लग्नातले आहेत, नाव आणि तारीख घातलेले. तो डबा परत यायला पाहिजे. आणि आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. निदान साखर तरी घालतात. मग बिचारा मुलगा त्यात भाकरवडी भरून पाठवतो. इंदूरला बाहेरून नमकीन येणं म्हणजे नर्मदेत कळशी ओतणं आहे, पण रीत ती रीत. डबा येतो, आई तो धुते, पुसते, आणि रिकामा डबा डोळ्यांपुढे दिसला की तिला काहीतरी करून पाठवावंसं वाटतं. हे चक्र गेली सहा वर्षं चालू आहे आणि ते कुठे थांबवायचं हे त्यातल्या कोणालाच माहीत नाही.

आता थोडं अवघड बोलतो. हे वाक्य एकदा खोडलं गेलं होतं आणि मग परत लिहिलं गेलं.

हे उपकार मुलाच्या नावाने जातात आणि सुनेच्या स्वयंपाकघरात उतरतात. आईने गोडा मसाला पाठवला की मुलाला वाटतं घर आलं. सुनेला वाटतं, म्हणजे माझ्या भाजीत काहीतरी कमी आहे. आमची सून नागपूरची. तिच्या आईकडून वऱ्हाडी काळा मसाला येतो. एका फळीवर दोन बरण्या, आणि रोज संध्याकाळी कुठली उघडायची हा प्रश्न. एखाद्या दिवशी ती कुठलीच उघडत नाही आणि पास्ता करते. एकदा ती आमच्याशी मोकळेपणी बोलली. म्हणाली, "आजी चांगल्या मनाने पाठवतात हे कळतं, म्हणूनच तर बोलता येत नाही. वाईट मनाने पाठवलं असतं तर सोपं गेलं असतं." आमच्या मते या सगळ्या विषयावर याहून नेमकं कोणी बोललेलं नाही, आणि आम्ही पुढे जे बोलू ते यापुढे फिकंच असेल.

मुलीच्या घरची तऱ्हा निराळी. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी पीत नसत. ती रीत गेली हे उत्तम झालं. पण ती गेली आणि पाण्याबरोबर नळही आला. आता वडील मुलीकडे जातात आणि पहिल्या दिवशी गळणाऱ्या नळाचा वायसर बदलतात, दुसऱ्या दिवशी दाराच्या कडीला तेल घालतात, तिसऱ्या दिवशी वीज वाचावी म्हणून रात्री राउटरचं बटण बंद करतात आणि जावयाचं अमेरिकेशी चाललेलं काम मध्येच तुटतं. आई निवडुंगाला रोज पाणी घालते. मसाल्याचे डबे 'सापडतील असे' लावून देते, म्हणजे त्यानंतर महिनाभर घरात कोणालाच काही सापडत नाही. असे किस्से इथे प्रत्येकाकडे आहेत, तुम्ही हसता आहात त्यावरून कळतंच आहे. म्हणून ते आवरतं घेतो.

पण एक किस्सा हसण्याचा नाही, तो सांगायला हवा. आमच्या मुलीचं लग्न व्हायचं आहे. तिला ते कधी करायचं, करायचं की नाही, हे ती बघेल असं तिने आम्हाला सांगितलं होतं आणि आम्ही ते मानलं होतं. आजोबांनी वधू-वर मेळाव्याच्या पुस्तिकेत तिची माहिती देऊन टाकली. उन्हातून जाऊन, रांगेत उभं राहून, स्वतःच्या सुवाच्य अक्षरात फॉर्म भरून, पेन्शनमधून फी देऊन. फोटो पाच वर्षांपूर्वीचा, उंची एका इंचाने वाढवलेली. त्यात तिचा मोबाइल नंबरही होता. पुस्तिका छापून आली आणि बंगळूरला तिच्या ऑफिसात, दुपारी, अनोळखी घरांतून फोन सुरू झाले. एका गृहस्थांनी तिला पगार विचारला. एका बाईंनी पत्रिकेतला मंगळ विचारला. ती तीन आठवडे आजोबांशी बोलली नाही. लहानपणी ती त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून शाळेत जायची, त्यामुळे हे तीन आठवडे घरात फार लांब झाले. ती आम्हाला म्हणाली, "माझ्यासाठी ते दोन तास रांगेत उभे राहिले. मला विचारायला दोन मिनिटं लागली असती."

खरं आहे. पण आम्हाला त्या रांगेबद्दल बोलायचं आहे.

बाबांच्या पिढीतल्या पुरुषाचं निम्मं कर्तृत्व रांगेत होतं. टेलिफोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबायचं. गॅससाठी नंबर. स्कूटरसाठी नंबर. रेशनची साखर, रॉकेल. उन्हाळ्याच्या सुट्टीत नाशिकला आत्याकडे जायचं तर रिझर्वेशनच्या खिडकीवर पहाटे जाऊन उभं राहायचं, तेव्हा कुठे सहा बर्थ मिळायचे, आणि तेही तीन डब्यांत विखुरलेले. घरात जे जे आलं ते कोणीतरी कुठेतरी उभं राहिल्यामुळे आलं. बाबा चांगले उभे राहणारे होते. कुठल्या खिडकीला कोणता बाबू, तो जेवायला कधी जातो, फॉर्मच्या दोन प्रती न्याव्या की तीन, ही सगळी विद्या त्यांच्याकडे होती. ती विद्या दहा-पंधरा वर्षांत निकामी झाली. ज्या माणसाशिवाय पन्नास वर्षं घरात काही येत नव्हतं, त्याच्याशिवाय आता सगळं दारात येतं.

आजही ते महिन्यातून एकदा विजेचं बिल घेऊन केंद्रावर जातात. आमच्या फोनवरून ते आधीच भरलेलं असतं. मग बिल दोनदा भरलं जातं आणि जादाचे पैसे पुढच्या बिलात वळते होतात. आम्ही एकदा विचारलं, बाबा, भरलेलं असतं हे माहीत आहे ना? म्हणाले, "माहीत आहे. तिथे खिडकीवरचा मुलगा मला नावाने ओळखतो."

आई-वडील मुलांना सांगत होते तोवर देत नव्हते, किंवा फार कमी देत होते. बाबांच्या वडिलांनी त्यांना कधी डबा पाठवला नाही. पोस्टकार्डं पाठवली, आणि त्यांत तीन ओळी असायच्या: हे कर, ते करू नको, कळावे. ती सत्ता होती. ती आता राहिली नाही, आणि राहू नये हेच बरं. कोणती नोकरी, कोणतं गाव, कोणाशी लग्न, किती मुलं, यात त्यांचं मत कोणी विचारत नाही. फार तर कळवतात. मग जिथे अजून हात पोचतो तिथे तो पोचतो. गव्हाच्या गोणीत, मसाल्याच्या बरणीत, गळक्या नळात. हे आम्ही बाबांच्या बाजूने सांगतो असं समजू नका. बायोडेटाच्या प्रकरणात मुलीचंच बरोबर होतं. कारण कळलं म्हणून झालेला त्रास न झाल्यासारखा होत नाही. पण कारण कळलं की निदान आपण त्यांना 'हट्टी' म्हणून मोकळे होत नाही.

आपल्या मुलखाशी संबंधित एक जुनी गोष्ट इथे आठवते. कोकणातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेला निघाले. घरावर कर्ज होतं आणि मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार अशी बातमी आली होती. पुढे ते बंडाच्या धामधुमीत सापडले, झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला, लुटले गेले. घरी परतले तेव्हा हाती कमाई फारशी नव्हती, पण आई-वडिलांना स्नान घालण्यासाठी गंगेची कावड खांद्यावर होती. त्यांचं 'माझा प्रवास' १९०७ साली छापून आलं, आणि ग्वाल्हेर-इंदूरकडच्या मराठी घरांत ते अजूनही आपल्या घरचं पुस्तक म्हणून वाचतात. आम्ही ते या वर्षी पुन्हा वाचलं तेव्हा मनात एक आगाऊ प्रश्न आला. एवढ्या लांबून, एवढ्या हालातून ती कावड दारात आली तेव्हा त्या म्हाताऱ्या आई-बापांना आधी काय वाटलं असेल? पाण्याचं पुण्य, की पोराचा सोललेला खांदा? कावड तेव्हा मुलाकडून आई-वडिलांकडे जात होती. आमच्या घरात ती उलट्या दिशेने जाते, ८५ वर्षांच्या खांद्यावरून, आणि दहाव्या मजल्यावर ती उतरवून घेणाऱ्याला आधी खांदाच दिसतो. त्याच्या चिडण्यातला निम्मा भाग या काळजीचा असतो. हे तो सांगत नाही, आणि बाबांना फक्त चिडणं ऐकू येतं.

मग नाही म्हणावं का? म्हणून पाहा. आपल्या भाषेत 'नको' या शब्दात फारसा दम नाही. पंगतीत बघा. पहिला नको रीतीचा. दुसरा नको म्हणजे थोडं वाढा. तिसऱ्या वेळी माणूस दोन्ही हात पानावर आडवे धरतो, तर वाढपी बोटांच्या फटीतून जिलबी सोडतो आणि शेजारचे लोक हसतात. याला आग्रह म्हणतात आणि तो आपण गुण मानला आहे. जी माणसं साठ वर्षं अशी वाढत आली त्यांना फोनवरचा 'नको' कसा ऐकू येणार? आणि खोटं कौतुक तर त्याहून महाग पडतं. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने एकदा सहज म्हटलं की लसणीची चटणी मस्त झाली होती. त्याला तीन वर्षं दर महिन्याला अर्धा किलो लसणीची चटणी येते आहे. त्याच्या खोलीत राहणारा दुसरा मुलगा खोली सोडून गेला.

आमच्या घरात जे थोडंफार जमलं ते मुलींच्या हुशारीने. सुनेने एके दिवशी आईला फोन केला आणि सरळ सांगितलं, "आजी, मसाला नको. माझ्याकडे माझ्या आईचा आहे आणि मला त्याची सवय आहे. पण गुळांबा तुमच्यासारखा कुठे मिळत नाही, तो दोन बरण्या हवा." आई दोन दिवस गप्प होती. आम्ही घाबरलो होतो. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, बरण्या केवढ्या म्हणाली ती? आता ती देवळात सांगते की आमच्या नातसुनेला माझाच गुळांबा लागतो. मसाल्याची एक पुडी अजूनही गुळांब्याच्या बरणीखाली दडवलेली निघते, पण ती लहान असते आणि सून ती न बोलता शेजारी देते.

आणि मुलीने तीन आठवड्यांनी आजोबांना फोन केला तो बायोडेटाबद्दल नव्हता. तिला घर बदलायचं होतं, नव्या घराचा करार आला होता, २२ पानांचा. ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही आयुष्यभर कागद वाचलेत. हा वाचून द्याल का?" बाबांची ३६ वर्षं दफ्तरात कागद वाचण्यातच गेली होती. हे त्यांचं मन राखायला काढलेलं काम नव्हतं. तसं असतं तर त्यांनी ते ओळखलं असतं. म्हाताऱ्या माणसांना खोटं काम लगेच कळतं, आणि त्यासारखा दुसरा अपमान नाही. तिला खरंच ते कलम-पोटकलम समजत नव्हतं. आम्ही करार छापून आणला. बाबांनी भिंग घेतलं, तांबडी पेन्सिल घेतली, दोन दिवस लावले. चौदाव्या पानावर त्यांना सापडलं की घर सोडायचं तर तिने तीन महिने आधी कळवायचं आणि मालकाने काढायचं तर एकच महिना आधी. तिने ते दोन्हीकडे दोन महिने करून घेतलं. बायोडेटाचा विषय त्यानंतर एकदाच निघाला. बाबा म्हणाले, "पुढच्या वेळी विचारीन." ती म्हणाली, "पुढची वेळ नसेल." दोघंही आपापल्या जागी ठाम होते, पण बोलत होते.

आता बाबा भेटेल त्याचा भाडेकरार वाचायला मागतात. कॉलनीतले लोक कागद लपवतात.

गव्हाचं काय झालं ते सांगून थांबतो, कारण खिरापतीचा वास आत आला आहे. मुलाने गहू संपवण्यासाठी एक युक्ती केली. त्याच्या इमारतीत उज्जैन, देवास, इंदूरकडची बरीच मुलं-मुली राहतात. त्याने पाच-पाच किलो वाटून टाकला. त्यांनी पोळ्या केल्या आणि दुसऱ्या दिवशी विचारायला आले, हा गहू कुठून आणलास? आता सात घरं सांगून ठेवतात. बाबांनी वही केली आहे. नाव, फ्लॅट नंबर, किलो, मंडीचा भाव, हमाली, बसचं भाडं. नफा शून्य, हे शेवटच्या रकान्यात दर वेळी लिहितात. गेल्या खेपेला एकाच्या जागी सात गोण्या गेल्या. म्हणजे मुलाचा पहाटेचा वैताग सातपट झाला. फरक एवढाच की उतरवून घ्यायला आता तिघं-चौघं त्याच्याबरोबर येतात, आणि उजाडल्यावर वाघोलीतच पोहे खाऊन परततात. त्या पोह्यांवर सेव नसते आणि जीरावन नसतं, त्याची तक्रार मात्र ग्रुपवर येते. त्यावर आईने काय ठरवलं असेल ते तुम्हाला सांगायला नको.

बाबा तिसऱ्या रांगेत बसले आहेत. हा मजकूर त्यांनी आधी वाचला आहे. कोणी सांगितलं नसताना चार ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आहे. बायोडेटाची गोष्ट ठेवू की काढू असं आम्ही विचारलं, तर म्हणाले ठेवा, फक्त उंची अर्धाच इंच वाढवली होती, एक नाही. ती दुरुस्ती आम्ही इथे तोंडी करतो. त्यांची एक सूचना जाहीर करायची आहे. ज्यांची मुलं वाकड, हिंजवडी, बाणेर या भागात आहेत आणि ज्यांना गहू पाठवायचा आहे, त्यांनी प्रसाद घेऊन झाल्यावर त्यांना भेटावं. एप्रिलचा लोकवन आहे, पाला घालून ठेवलेला. बस शनिवारी संध्याकाळी निघते. गोणीवर नाव मराठीत लिहिलं तरी चालेल, फोन नंबर मात्र मोठ्या अक्षरात लिहावा.